मध्यंतरातले धपाटे : मुलांसोबत घरी स्वयंपाक करण्याची आणि सिनेमा पाहण्याची एक रीत

आपल्याकडे मुलांचे जेवण आणि पडदा यांची गाठ बहुतेक घरांत दोनच तऱ्हांनी पडते. एक तर मूल मोबाइलवरची चित्रे पाहत बसते आणि आई त्याच्या तोंडात दूध-भाकरीचा काला भरवत असते. नाही तर घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर सिनेमा पाहत असतात आणि आई किंवा आजी एकटी तव्यासमोर उभी राहून गरम-गरम बाहेर पाठवत असते. पहिल्या तऱ्हेत आपण काय खाल्ले, किती खाल्ले आणि पोट कधी भरले याचा मुलाला पत्ताच लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत जिने सगळ्यांसाठी रांधले, तिच्या वाट्याला सिनेमाचा केवळ आवाज येतो. या दोन्ही गोष्टी टाळून घरच्या सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करावा, मिळून सिनेमा पाहावा आणि मिळून जेवावे, यासाठी आमच्या घरात हळूहळू बसत गेलेली एक रीत या लेखात क्रमाने सांगितली आहे. तिचा पाया दोन नियमांवर आहे: सिनेमा चालू असताना गॅस बंद, आणि जेवण चालू असताना पडदा बंद. पुढची सगळी तयारी, म्हणजे सिनेमाची निवड, पदार्थाची निवड आणि वेळेची आखणी, हे दोन नियम पाळता यावेत म्हणूनच आहे.

वार कोणता

मराठवाड्यातल्या बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात. मुले दुपारी घरी येतात, जेवून थोडी लवंडतात आणि चारच्या सुमारास त्यांना काही तरी करायचे असते. दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे झोपायला अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत नाही. रविवारी संध्याकाळी मात्र दप्तर, गृहपाठ आणि गणवेश यांची गडबड असते आणि दहा वाजले तरी मूल सिनेमाच्याच तंद्रीत राहते. म्हणून शनिवारची संध्याकाळ घ्यावी. ही बैठक दर आठवड्याला करण्याचा अट्टहास नसावा. महिन्यातून दोनदा नीट जमली तरी मुले तिची वाट पाहतात, आणि वाट पाहण्यातही त्यांना मोठा आनंद असतो.

सिनेमा निवडताना

सिनेमाच्या सुरुवातीला काही क्षण केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र पडद्यावर येते. ते वाचण्याची सवय पालकांनी स्वतःला लावून घ्यावी आणि वाचता येऊ लागलेल्या मुलांनाही लावावी. १९५२ च्या चित्रपट कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या नव्या सिनेमांसाठी पूर्वीच्या ‘यूए’ या एकाच गटाचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन गट झाले. जुन्या सिनेमांवर नुसते ‘यूए’ असते. बारा वर्षांखालील मुलांनी तो सिनेमा पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा आशय होता. ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून दाखवणाऱ्या सेवांवरील, मालिका आणि सिनेमे यांनाही २०२१ च्या नियमांनुसार अशीच वयोगटाची खूण द्यावी लागते, आणि तेरा वर्षांपुढच्या गटातील गोष्टींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे त्या सेवांना बंधनकारक आहे. ही सोय बहुतेक घरांत वापरलीच जात नाही. एका निवांत दुपारी सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी, मुलांसाठी वेगळे प्रोफाइल तयार करावे आणि त्याचा चार आकडी पिन मुलांच्या जन्मतारखेचा ठेवू नये.

प्रमाणपत्राबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘यू’ म्हणजे तो सिनेमा कोणीही पाहण्यास हरकत नाही, इतकेच. तो मुलांना आवडेल किंवा कळेल, अशी हमी त्यात नाही. संथ कौटुंबिक नाट्य ‘यू’ असू शकते आणि आठ वर्षांचे मूल त्यात वीस मिनिटांत कंटाळते. म्हणून शक्य असेल तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसाने सिनेमा आधी पाहून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सगळा पाहायला वेळ नसेल, तर निदान पहिली वीस मिनिटे, मध्यंतराच्या आसपासचा भाग आणि शेवट पाहावा. मध्यंतर कुठे येते, तेवढ्यासाठी तरी हे करावेच, कारण आपले जेवण त्यावर अवलंबून आहे. काही नव्या सिनेमांत आणि परदेशी सिनेमांत मध्यंतर नसते. अशा वेळी साधारण निम्म्यावर, एखादा प्रसंग पुरा होऊन दुसरा सुरू होतो ती जागा हेरून तिची वेळ कागदावर लिहून ठेवावी.

आधी पाहताना काय शोधायचे, हे मुलांच्या वयावर ठरते. सात वर्षांखालील मुले जे दिसते त्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, मुखवटा, माणसाचे एकाएकी जनावर होणे, अंधारातून अचानक येणारा मोठा आवाज. ‘ते खोटे असते बाळा’ असे सांगून त्यांची भीती जात नाही. त्यांना जवळ घ्यावे लागते किंवा पडदा बंद करावा लागतो. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना राक्षसाचे फारसे काही वाटत नाही, पण घरात प्रत्यक्ष घडू शकेल अशा गोष्टींनी ती आतून हादरतात: आईचे आजारपण, वडिलांची ताटातूट, घर सोडून जावे लागणे. या मुलांशी बोलता येते आणि बोलल्याने त्यांना बरेही वाटते.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. दुष्काळ, कर्ज आणि शेतकऱ्याचे मरण या गोष्टी आपल्या मुलांनी केवळ बातम्यांत पाहिलेल्या नाहीत. कुणाच्या गल्लीत, कुणाच्या नात्यात, कुणाच्या वर्गात त्या घडलेल्या आहेत. २००८ चा ‘टिंग्या’ हा मराठी सिनेमा घ्या. कर्जात बुडालेले शेतकरी कुटुंब, जायबंदी झालेला बैल, आणि तो विकला जाऊ नये म्हणून जीव टाकणारा मुलगा अशी ती गोष्ट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत पाहावा असा तो सिनेमा आहे. परंतु शेजारची मुलेही त्या दिवशी सतरंजीवर बसणार असतील, तर त्यांच्यापैकी कुणाच्या घरी काय घडून गेले आहे याचा विचार आधी करावा आणि गरज वाटल्यास दुसरा सिनेमा लावावा. पहिल्याच बैठकीसाठी ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ चा सिनेमा मी सुचवेन. पंढरपुरातली मुले, वारीतली गर्दी आणि आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून त्यांची चाललेली धडपड हे सगळे आपल्याकडच्या मुलांना परके वाटत नाही. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला एका तमिळ सिनेमासोबत विभागून मिळाला होता.

भाषेचाही विचार करावा. तिसरी-चौथीपर्यंतच्या मुलांना पडद्याखालची अक्षरे वाचून चित्रही पाहणे जमत नाही. त्यांच्यासाठी मराठी किंवा त्यांना कळणाऱ्या हिंदीतलाच सिनेमा असावा. पाचवी-सहावीतल्या मुलांना मात्र मराठी अक्षरांसह परभाषेतला सिनेमा दाखवावा. त्यांचा वाचनाचा वेग त्यातून वाढतो.

किती वेळ

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांनी पडदा पाहूच नये. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा त्याला अपवाद आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी, अशी मर्यादा त्यांनी घातली आहे. आपल्या घरात चार वर्षांचे आणि दहा वर्षांचे अशी दोन्ही मुले असतात, तेव्हा याचा अर्थ सरळ आहे. धाकट्याने पूर्वार्ध पाहावा, मध्यंतरात सगळ्यांसोबत जेवावे आणि उत्तरार्धाच्या वेळी आजोबांसोबत अंगणात किंवा गच्चीवर जावे, नाही तर झोपावे. हे त्याला दुपारीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही. ज्या शनिवारी सिनेमा असेल त्या दिवशी दुपारी मोबाइल आणि कार्टून यांना सुट्टी द्यावी, हेही ओघाने आले.

विजेची तजवीज

भारनियमनाचे वेळापत्रक गावोगावी वेगळे आणि ऋतूप्रमाणे बदलणारे असते. ते पाहूनच वेळ ठरवावी. सिनेमा ज्या ॲपवर पाहणार आहोत त्यातच आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवावा, कारण संध्याकाळी सहानंतर गावाकडे मोबाइलचे नेटवर्क मंदावते आणि चित्र अडकत राहते. डाउनलोड केलेला सिनेमा आपल्या टीव्हीवर खरोखर दिसतो की नाही, हेही आदल्या दिवशीच पाच मिनिटे चालवून पाहावे. फोन चार्ज असावा, टीव्हीला जोडायची केबल हाताशी असावी. वीज गेलीच, तर सगळ्यांनी फोनच्या चिमुकल्या पडद्याभोवती डोकी खुपसू नयेत. दिवा लावावा, बाहेर बसावे आणि पुढे काय होईल ते मुलांना सांगायला लावावे. उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, संध्याकाळी सहाला बंद खोलीत बसणे नकोसे होते. त्या दिवसांत माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, किंवा गच्चीवर पाणी शिंपडून, अंधार पडल्यावर साडेसातला सिनेमा सुरू करावा आणि पुढची सगळी वेळ त्याप्रमाणे सरकवावी.

पदार्थ कसा असावा

सिनेमाच्या दिवशीचा पदार्थ निवडताना मी चार गोष्टी पाहते. तो आधी करून ठेवता यावा आणि तासा-दोन तासांनी खाल्ला तरी चांगला लागावा. करताना मुलांच्या हातांना काम मिळावे. खाताना ताट-वाट्यांचा पसारा नसावा. आणि भांडी कमी लागावीत, कारण आपल्याकडे पाणी जपूनच वापरावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे त्या वर्षी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या कुणाला विसरता येणार नाही.

या चारही कसोट्यांना धपाटे पुरेपूर उतरतात. मुळात तो प्रवासाला बांधून नेण्याचा पदार्थ आहे, त्यामुळे निवल्यावर त्याची चव कमी होत नाही. भाकरीचे तसे नसते. भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी लागते, आणि म्हणूनच सिनेमाच्या संध्याकाळी भाकरीचा बेत केला की कुणी तरी एकजण स्वयंपाकघरात अडकतो.

धपाटे, क्रमाक्रमाने

पाच माणसांसाठी, त्यांत दोन मुले धरून, दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी गव्हाचे पीठ आणि अर्धी वाटी बेसन घ्यावे. ज्वारी रब्बीची, मालदांडीसारखी असली तर उत्तम. पण जातीपेक्षा पीठ ताजे असणे अधिक महत्त्वाचे आहे. महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची विरी, म्हणजे जुळून राहण्याची ताकद, जाते आणि मग धपाटे थापताना कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणूनच गव्हाचे पीठ आणि बेसन घालायचे असते. पीठ जुने आहे अशी शंका असेल, तर गव्हाचे पीठ आणखी दोन चमचे वाढवावे आणि मळायला कोमट पाणी घ्यावे.

पिठात दोन चमचे पांढरे तीळ, एक चमचा जिरे, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा, अर्धा चमचा हळद, चवीपुरते मीठ आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. हे सगळे कोरडेच एकत्र करावे. मग त्यात दोन मोठे चमचे दही आणि आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात. मिरची अजून घालू नये. आता थोडे-थोडे पाणी घालत पीठ मळावे. ते भाकरीच्या पिठाइतके मऊ असावे, पोळीच्या कणकेसारखे घट्ट नको. मळून झाल्यावर मुलांपुरता तिसरा हिस्सा बाजूला काढावा आणि उरलेल्या पिठात तीन-चार हिरव्या मिरच्यांचा ठेचा मिसळावा. आपल्या भागात तिखट खाण्याची हौस मोठी आहे आणि मुलांनाही हळूहळू त्याची सवय होते, परंतु सिनेमाच्या मध्यंतरात तोंड भाजलेले मूल पाणी-पाणी करत बसणे कुणालाच नको असते. दोन्ही प्रकारचे धपाटे नंतर ओळखू यावेत म्हणून मुलांच्या धपाट्याला मधोमध एकच भोक पाडावे आणि मोठ्यांच्या धपाट्याला पाच.

मळलेले पीठ दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये. मिठाने आणि दह्याने ते सैल होत जाते आणि फडक्याला चिकटते. पांढरे सुती फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, पोळपाटावर पसरावे, त्यावर लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा ठेवावा आणि बोटे ओली करून मधून कडेकडे थापत न्यावे. जाडी सगळीकडे सारखी यावी. मध्ये जाड राहिले की कडा करपतात आणि आत कच्चे राहते. तवा आधी चांगला तापवून मग आच मध्यम करावी. फडके दोन्ही हातांनी उचलून धपाटे तव्यावर उलटे टाकावे आणि फडके अलगद सोडवून घ्यावे. ते सुटत नसेल, तर वरून पाण्याचा हात फिरवून क्षणभर थांबावे. ओढले तर फाटते. भोकांत आणि कडेने तेल सोडावे, दोन मिनिटे झाकण ठेवावे, मग उलटून दुसरी बाजू उघडीच भाजावी. तांबूस ठिपके आले की झाले.

तव्यावरून उतरलेले धपाटे लगेच डब्यात घालू नयेत. आतल्या वाफेने ती ओलसर होतात. जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर पाचेक मिनिटे निवू द्यावीत आणि मग दुरडीत फडक्यावर एकावर एक रचून वरून फडके झाकावे. एवढ्या पिठात मध्यम आकाराची नऊ-दहा धपाटी होतात. काकडी किंवा दुधी किसून घातला तर चव छान येते, पण मग पाणी कमी लागते आणि धपाटे त्याच रात्री संपवावे लागतात.

सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. चटणीसाठी शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, निवल्यावर साले पाखडून, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटावी. मिक्सरमध्ये फिरवायची असेल, तर थांबून-थांबून फिरवावी, म्हणजे तिचा गोळा होत नाही. खलबत्त्यात शेंगदाण्याला तेल सुटते आणि तिला जी चव येते ती मिक्सरच्या चटणीला येत नाही, असे मला वाटते. शिवाय दणादण कुटण्याचे काम मुलांना फार आवडते.

कुणाच्या हाती कोणते काम

तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी कोथिंबिरीची पाने खुडावीत, भाजलेल्या शेंगदाण्यांची साले चोळून काढावीत, मोठ्या माणसाने मोजून दिलेले पीठ परातीत ओतावे. सांडेल, म्हणून खाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी लसूण सोलावा, चटणी कुटावी, दही घुसळावे आणि पीठ मळण्यात हात घालावा. नऊ-दहा वर्षांपुढची मुले धपाटे थापू शकतात. पहिली दोन-चार नकाशासारखी वेडीवाकडी होतील. त्यांना हसू नये आणि त्यांच्यासमोर सारखी करायला घेऊ नये. धपाटे तव्यावर टाकण्याचे काम मात्र तेरा-चौदा वर्षांपर्यंत मोठ्यांकडेच असावे. मुलीला थापायला आणि मुलाला केबल जोडायला अशी वाटणी होऊ देऊ नये, आणि वडिलांनीही परात पुढे ओढावी. तवा त्यांनी सांभाळला तर सगळ्यांत बरे.

सावधगिरीच्या काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. मिरची लहान मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्यांनी मिरची हाताळल्यावर बोटांना तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत आणि तोवर मुलांच्या चेहऱ्याला हात लावू नये. कढई-तव्याचे दांडे आतल्या बाजूला वळवलेले असावेत. गॅसजवळ असताना मुलांच्या अंगावर सुती कपडे असावेत. सणासुदीचे झगमगीत कपडे चटकन पेट घेतात आणि अंगाला चिकटतात. भाजलेच, तर ती जागा साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. नळाला पाणी नसेल, तर बादलीतून तांब्याने संथ धार सोडत राहावी. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर दवाखान्यात न्यावे.

धपाट्यांऐवजी

कधी वेळ कमी असतो. अशा दिवशी सुशीला हा मुरमुऱ्यांचा पदार्थ करावा. मुरमुरे पाण्यातून बुडवून लगेच काढून, दाबून पिळून घ्यावेत. मोहरी, जिरे, कढीपत्ता, मिरची आणि शेंगदाणे यांच्या फोडणीत कांदा परतून हळद घालावी आणि त्यात मुरमुरे टाकावेत. वरून डाळव्याचे (भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे) कूट, मीठ, किंचित साखर, लिंबू आणि कोथिंबीर घातली की वीस मिनिटांत सगळे तयार होते. डाळव्याचे कूट वगळू नये, कारण मुरमुऱ्यांतले उरलेले पाणी तेच शोषून घेते. मुरमुरे भिजवण्याचे आणि पिळण्याचे काम पाच वर्षांचे मूलही आनंदाने करते. थंडीत येसरची, म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून केलेल्या पिठाची, आमटी आणि भात हाही चांगला बेत आहे. येसर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचे काम मुलांना द्यावे आणि आमटी मध्यंतरात फक्त गरम करून घ्यावी. पौषात हुरडा आला की स्वयंपाकाचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवसांत मात्र सिनेमापेक्षा शेतावरच जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पडद्यासमोर खायचे काय

मध्यंतराआधी काहीच खायला मिळणार नाही असे सांगितले, तर मुले चुळबुळ करतात. म्हणून सिनेमा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाटीत थोड्या ज्वारीच्या लाह्या द्याव्यात. दाण्याच्या आतला ओलावा तापून त्याची वाफ होते आणि ती कवच फोडून बाहेर पडते, म्हणून लाही फुटते. घरी करायच्या असतील, तर ज्वारीवर गरम पाण्याचा हबका मारून ती रात्रभर फडक्यात बांधून ठेवावी, सकाळी सावलीत पसरून वरचा ओलावा घालवावा आणि चांगल्या तापलेल्या लोखंडी कढईत एकेक मूठ टाकून, झाकण ठेवून फोडाव्यात. नागपंचमीच्या सुमारास बाजारात तयार लाह्या सहज मिळतात.

चार-पाच वर्षांखालील मुलाला मात्र लाह्या, मक्याचे पॉपकॉर्न, अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. सिनेमा पाहताना मूल एकाएकी हसते, दचकते किंवा आडवे होते, आणि दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका अशाच वेळी सर्वांत जास्त असतो. त्याच्या वाटीत मऊ केळ्याचे काप किंवा सालपट आणि बी काढलेल्या मोसंबीच्या बारीक केलेल्या फोडी असाव्यात. मोठ्या मुलांनीही बसूनच खावे. लोळत खाण्याला या बैठकीत परवानगी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

संध्याकाळ कशी जाते

चारला हात धुऊन सगळ्यांनी कामाला लागावे. पावणेपाचला तवा तापलेला असावा आणि साडेपाचला गॅस बंद. पुढचा अर्धा तास ओटा पुसणे, हातपाय धुणे आणि सतरंजी अंथरणे यात जातो. सहाला सिनेमा. खोलीत मिट्ट काळोख करू नये, मागच्या बाजूला एक मंद दिवा असू द्यावा. डोळ्यांवर ताण येत नाही आणि धाकटी मुले कमी घाबरतात. मोठ्यांचे फोनही दुसऱ्या खोलीत असावेत. आई-वडिलांनी सिनेमाच्या मधोमध फोन चाळायचा आणि मुलांनी मात्र मन लावून पाहायचे, हे कसे चालेल?

सातच्या सुमारास मध्यंतर येते. तेव्हा चित्र थांबवून ठेवू नये, टीव्ही बंदच करावा. थांबलेले चित्र समोर असले तरी मुले तिकडेच पाहत राहतात. दुरडी मध्ये ठेवावी, दही-चटणी वाढावी आणि सगळ्यांनी गोल बसावे. वेडेवाकडे धपाटे कुणी केले ते आजीला ओळखायला सांगावे. बोलणे सिनेमाचेच होईल, ते होऊ द्यावे, पण त्याची परीक्षा करू नये. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न विचारला की मूल शाळेतले उत्तर देते आणि गप्प होते. त्यापेक्षा पुढे काय होईल ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे, चिठ्ठ्या रिकाम्या डब्यात टाकाव्यात आणि सिनेमा संपल्यावर उघडाव्यात. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे. मुलांनी पूर्वार्ध किती बारकाईने पाहिला आहे, हे त्या चिठ्ठ्यांतून कळते, आणि एखाद्या प्रसंगाने कुणी मनातून घाबरले असेल तर तेही कळते. जेवणाला अर्धा तास पुरतो. ज्याने त्याने आपले ताट धुवावे आणि मगच उत्तरार्ध सुरू करावा.

नऊच्या आत सिनेमा संपावा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये आधीच बंद करून ठेवलेली बरी, नाही तर श्रेयनामावली संपण्याआधीच दुसरे काही सुरू होते आणि चिठ्ठ्या डब्यातच राहतात. चिठ्ठ्या वाचून झाल्या की दात घासून झोपायला जावे. एखादे मूल रात्री दचकून उठले, तर त्याला जवळ घेऊन झोपवावे आणि त्या प्रसंगाबद्दल दुसऱ्या दिवशी उजेडात बोलावे.

उरलेली धपाटी रविवारी सकाळी चहासोबत तव्यावर थोडे तेल सोडून परतावीत. ती कुरकुरीत होतात. उरलेले पीठ मात्र उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये, दह्यामुळे ते रात्रीत आंबते. थापायचा कंटाळा आला असेल, तर ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी मूठभर ज्वारीचे पीठ मिसळून लगेच संपवावे.

एक वही मात्र या सगळ्यासाठी जरूर ठेवावी. तीत तारीख, सिनेमाचे नाव, केलेला पदार्थ आणि पुढच्या वेळी मीठ कमी की तिखट जास्त, एवढे मुलांनीच लिहावे. पुढचा सिनेमा कोण निवडणार तेही त्याच पानावर ठरवावे: एकदा थोरल्याने, एकदा धाकट्याने, एकदा आजीने. आजीच्या पाळीला बहुधा जुना, काळा-पांढरा सिनेमा येईल आणि मुले तोंड वाकडे करतील. तरी तोच लावावा, आणि त्या दिवशीचा पदार्थ आजीलाच विचारून ठरवावा.